एफ८ दाबलं की आवाज वाढतो? लॅपटॉपच्या फंक्शन कींबद्दल ग्राहकांसाठी माहिती

नवा लॅपटॉप घरी नेला की काही ग्राहकांचा, त्यातही हिशेबाचं काम करणाऱ्यांचा, हमखास फोन येतो: "टॅलीत सेल्सची एंट्री करायला एफ८ दाबतो, तर आवाज वाढतो. एफ६ दाबलं की आवाजच बंद. कीबोर्ड खराब निघाला, बदलून द्या."

कीबोर्ड खराब नाही. वरच्या ओळीतल्या प्रत्येक बटणाला दोन कामं असतात. एक एफ१ ते एफ१२ हे जुनं काम, दुसरं बटणावर छापलेल्या चित्राचं: आवाज, स्क्रीनचा प्रकाश, माइक वगैरे. जुन्या लॅपटॉपवर नुसतं बटण दाबलं की एफ-की चालायची आणि चित्राच्या कामासाठी सोबत एफएन (खालच्या ओळीत डावीकडे 'Fn' छापलेलं बटण) दाबावं लागायचं. आता बहुतेक कंपन्या उलटं करून पाठवतात, कारण घरगुती वापरात आवाज कमी-जास्त करणारेच जास्त.

तुमचं काम टॅली किंवा एक्सेलमध्ये असेल तर हे सेटिंग बदलून घ्याच, असं आमचं मत आहे. पेमेंटला एफ५, जर्नलला एफ७, पर्चेसला एफ९, तारखेला एफ२. एक्सेलमध्ये सेल दुरुस्त करायला एफ२, डॉलरचं चिन्ह लावायला एफ४. दिवसभर प्रत्येक वेळी एफएन दाबून धरायचं म्हणजे हात अवघडतो. टॅलीत पिरियड बदलायचा तर ऑल्ट, एफएन आणि एफ२ अशी तीन बटणं एकदम! लॅपटॉप फक्त सिनेमे, क्लास आणि व्हिडिओ कॉलसाठी असेल तर आहे तसंच राहू द्या.

आधी एवढंच करून पाहा: एफएन दाबून धरा आणि एस्केप दाबा. एस्केपच्या बटणावर छोटं कुलूप किंवा 'एफएन लॉक' असं छापलेलं असेल तर काम तिथेच झालं. डेल, लेनोवो आणि एसुसच्या बऱ्याच मॉडेलांवर हे चालतं. पुन्हा तीच जोडी दाबली की पूर्ववत. खरं तर कित्येकांचं सेटिंग असंच चुकून, एस्केप दाबताना बोट एफएनवर पडल्याने बदललेलं असतं.

याने फरक पडला नाही तर विंडोजच्या सेटिंगमध्ये शोधत बसू नका. बहुतेक लॅपटॉपमध्ये एफएनचा हिशोब मदरबोर्डवरची एक वेगळी चिप ठेवते, विंडोजला त्याचा पत्ताच नसतो. त्यामुळे विंडोज नव्याने टाकूनही उपयोग होत नाही. बदल करायचा तो बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणारा लॅपटॉपचा मूळ सेटिंगचा पडदा), नाहीतर लॅपटॉप कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये.

एचपीचे ग्राहक सर्वात जास्त अडतात, म्हणून ते सविस्तर. लॅपटॉप रीस्टार्ट करा. शटडाउन नको, कारण विंडोज शटडाउनला नेहमी पूर्ण बंद होत नाही. स्क्रीन काळी होताच एफ१० थांबून थांबून दाबत राहा. निळा-करडा पडदा येईल. त्यात 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'मध्ये 'ॲक्शन कीज मोड' सापडेल, तो 'डिसेबल्ड' करा. मग एफ१० दाबून सेव्ह करा आणि बाहेर पडा. नव्या मॉडेलांत पडदा वेगळा दिसतो, पण पर्यायाचं नाव बहुधा हेच असतं.

एसरमध्ये सुरू होताना एफ२ दाबायचं, 'मेन' पानावर 'फंक्शन की बिहेवियर' असतं. लेनोवो आयडियापॅडमध्ये त्याला 'हॉटकी मोड' म्हणतात; बायोस नको वाटत असेल तर लेनोवो व्हँटेज ॲप पाहा. एसुसवाल्यांनी मायएसुस ॲप उघडावं. मॅकबुकमध्ये सगळ्यात सोपं: सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, फंक्शन कीज. तिथला एक स्विच चालू केला की झालं, रीस्टार्टही नको.

बायोसमध्ये गेल्यावर मात्र बाकी कशाला हात लावू नका. विशेषतः 'सिक्युअर बूट', 'टीपीएम' आणि 'लोड डिफॉल्ट्स'. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद, असेल तर असा बदल केल्यावर लॅपटॉप ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकतो. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. खात्याचा पासवर्ड आठवत नसेल तर तो आधी मिळवा, मगच बायोसकडे वळा. चुकून काही बदललं असं वाटलं तर सेव्ह न करता बाहेर पडा.

सेटिंग बदलल्यावर आवाज-प्रकाशाची बटणं बंद पडत नाहीत, फक्त सोबत एफएन दाबावं लागतं. विंडोज ११मध्ये विंडोजचं बटण आणि 'ए' एकत्र दाबलं तरी आवाज आणि प्रकाशाच्या पट्ट्या समोर येतात.

बाहेरून जोडलेल्या कीबोर्डला ही सेटिंगं सहसा लागू होत नाहीत, त्याचं एफएन लॉक त्याच्याच अंगावर शोधावं लागतं. आणि यासाठी नेटवरून कुठलंही फुकटचं 'की बदलणारं' सॉफ्टवेअर उतरवू नका. लॅपटॉप दुकानात घेऊन या, चार्जरसकट. आमच्याकडून घेतलेल्या लॅपटॉपवर हे सेटिंग आम्ही पैसे न घेता करून देतो.