उजवा इंडिकेटर: हाताचा इशारा दिव्यात कसा शिरला

वळण्याआधी इंडिकेटर द्यायचा, हे लर्निंग लायसन्सच्या परीक्षेला बसलेल्या पोरालाही ठाऊक असतं. वाद आहे तो ‘प्रत्येक वेळी’ द्यायचा का, यावर. रस्ता मोकळा आहे, आरशात कोणी दिसत नाही, सोसायटीच्या गेटातून आत शिरायचंय; तरीही द्यायचा? आपल्याकडे या वादाला आणखी एक पदर आहे. इंडिकेटर दिला तरी मागच्याने त्याचा अर्थ काय घ्यायचा, हेच कित्येक रस्त्यांवर अजून ठरलेलं नाही. त्याची मुळं कायद्याच्या जुन्या कलमांत आहेत.

यंत्राचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. १९१४ च्या सुमारास एका मूकपट अभिनेत्रीने आपल्या मोटारीला बटण दाबताच वर येणारा दिशादर्शक फलक बसवला, पण त्याचं पेटंट घेतलं नाही. पुढे युरोपात दरवाजामागच्या खांबातून पिवळ्या दिव्यासकट बाहेर येणारा छोटा दांडा रूढ झाला. आपल्याकडच्या जुन्या मॉरिस मायनर गाड्यांनाही तो होता. लुकलुकणारा दिवा १९३९ मध्ये अमेरिकेत ब्युइकने कारखान्यातूनच बसवून दिला. आपल्या रस्त्यांवर मात्र त्यानंतरही बराच काळ हातच चालत होता. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी स्कूटरींना इंडिकेटर नव्हतेच.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने चालकाने कोणत्या प्रसंगी कोणता इशारा करायचा याचं परिशिष्ट दिलं आणि वळण्याचा किंवा थांबण्याचा इशारा यंत्राने दिला तरी चालेल अशी सवलत ठेवली. हीच रचना १९८८ च्या कायद्यात उतरली. कलम १२१ म्हणतं की ठरवून दिलेले इशारे चालकाने करायचेच. स्टिअरिंग उजवीकडे असेल तर ते यांत्रिक किंवा विजेच्या साधनाने ‘देता येतील’, डावीकडे असेल तर त्याच साधनाने ‘दिलेच पाहिजेत’. डाव्या बाजूला बसलेल्या चालकाचा हात फुटपाथकडे निघतो, रस्त्याच्या मध्यातल्या वाहनांना तो दिसणारच नाही, म्हणून त्याच्यावर सक्ती.

‘देता येतील’ या शब्दांचा आधार घेऊन अनेक जण इंडिकेटर ऐच्छिक असल्याचं सांगतात. ते चूक आहे. ऐच्छिक आहे ते साधन. हात किंवा दिवा यांपैकी एकाने इशारा करणं ऐच्छिक नाही, आणि मागे कोणी नसेल तर सूट, असं त्या कलमात कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत इंडिकेटरचा दिवा कसा असावा हे बारकाईने दिलं आहे: रंग अंबर म्हणजे पिवळट नारिंगी, लुकलुक मिनिटाला ६० पेक्षा कमी नको आणि १२० पेक्षा जास्त नको. दिव्याचं एवढं मोजमाप झालं, पण त्याच्या भाषेकडे तितकं लक्ष गेलं नाही.

खरा गुंता पुढे आहे. रस्त्यावर कसं वागावं याची नियमावली १ जुलै १९८९ पासून लागू झाली. तिच्यात हाताचे पाच इशारे होते. वेग कमी करताना तळवा खाली ठेवून हात वरखाली हलवायचा. थांबताना कोपरापासून हात उभा धरायचा. उजवीकडे वळताना तो आडवा सरळ ठेवायचा, आणि डावीकडे वळताना तोच उजवा हात घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवायचा. पाचवा इशारा वळण्याचा नव्हताच. मागच्याने आपल्याला ओव्हरटेक करावं असं वाटलं, तर उजवा हात बाहेर काढून अर्धवर्तुळात मागेपुढे हलवायचा. म्हणजे ‘ये, जा पुढे’ हे कायद्याने मान्य केलेलं वाक्य होतं. पुढचंच कलम सांगत होतं की हे इशारे यांत्रिक किंवा विजेच्या साधनांनीही करता येतील. पाच इशाऱ्यांपैकी उजवं, डावं आणि थांबणं यांना दिवे होते. पाचव्याला दिवा कुठला, हे कोणी सांगितलं नाही.

ते ट्रकवाल्यांनी आपापसांत ठरवलं. हात उजवा होता, म्हणून दिवाही उजवा, अशी त्यामागची साखळी असावी असं मला वाटतं. दुपदरी रस्त्यावर लांबलचक ट्रकमागे अडकलेल्याला समोरचं काही दिसत नाही. ट्रकवाल्याला उंचावरून सगळं दिसतं. हॉर्न दिला, डिपर मारला, की तो समोर बघतो आणि रस्ता मोकळा असेल तर उजवा इंडिकेटर लावतो. मागची गाडी निघून जाते. डाव्या बाजूची खबर क्लीनर देतो, हात बाहेर काढून किंवा दारावर थाप मारून. आरशाबाहेरचं जग चालकापर्यंत पोचवण्याची ही व्यवस्था होती आणि तिने अनेकांचे जीव वाचवले असणार, हे मान्य करायला हवं.

पण त्याच १९८९ च्या नियमावलीत ओव्हरटेकचं एक कलम होतं: ओव्हरटेक उजवीकडूनच करायचं, मात्र पुढच्याने उजवीकडे वळण्याचा इशारा देऊन रस्त्याच्या मध्याकडे गाडी घेतली असेल, तर त्याला डावीकडून ओलांडता येईल. आता तोच ट्रक डोळ्यांसमोर आणा. उजवा दिवा लुकलुकतोय. रिवाज म्हणतो उजवीकडून जा. कायदा म्हणतो, तो वळणार आहे, उजवीकडे जाऊ नकोस. तो खरोखरच शेताच्या रस्त्याला किंवा पेट्रोल पंपाकडे वळणार असेल, तर रिवाजावर विसंबलेला मोटारसायकलवाला थेट त्याच्या समोरच्या चाकापाशी सापडतो. ही नियमावली २०१७ मध्ये बदलली गेली. रस्त्यावरचा रिवाज तिच्याबरोबर गेला नाही.

दरम्यान रस्तेच बदलले. दोन हजारच्या दशकात महामार्ग चौपदरी झाले, मध्ये डिव्हायडर आला आणि समोरून येणाऱ्या गाडीची भीती गेली. साइड देण्याची ती परवानगी खरं तर तिथेच संपायला हवी होती. उलट तिचा अर्थ फुटला. उजव्या लेनमधून जाणारा ट्रक कधी डावा इंडिकेटर देऊन ‘डावीकडून काढ’ सांगतो, तर कधी तोच दिवा तो खरंच डावीकडे येत असल्याचा असतो. कार घेऊन नव्याने हायवेवर आलेल्या माणसाला हे कोणी शिकवलेलं नसतं. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये हाताने आणि दिव्याने योग्य वेळी स्पष्ट इशारा करता येतो का हे बघायचं असतं. दुसऱ्याच्या इशाऱ्यावर योग्य ते करता येतं का हेही नियमात आहे, पण ट्रकवाल्यांच्या या रिवाजाला तिथे जागा नाही.

त्यात चारही इंडिकेटर एकदम लावण्याची सवय भर घालते. चौकात सरळ जायचंय म्हणून चारही लावणारे आहेत. पावसाळ्यात एक्स्प्रेस-वेच्या घाटात धुकं उतरलं की रांगच्या रांग लुकलुकत चाललेली असते. हा दिवा बंद पडून उभ्या असलेल्या गाडीसाठी आहे. चालत्या गाडीत तो लावला की बहुतेक मोटारींत वळण्याचा इशारा देताच येत नाही; लेन बदलणारा आणि न बदलणारा, दोघं सारखेच दिसतात. एक बाजू झाकली गेली तर मागच्याला एकच दिवा दिसतो आणि तो त्याला वळणं समजतो.

‘प्रत्येक वेळी’च्या विरोधात जे बोलतात त्यांचा मुद्दा परदेशांत नवा नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात इशारा देण्याची सक्ती दुसऱ्या वाहनावर परिणाम होणार असेल तेव्हाच आहे. ब्रिटनमध्ये वरच्या पातळीचं ड्रायव्हिंग शिकवताना आधी बघायला सांगतात, कोणाला उपयोग असेल तर इशारा द्या. यामागे विचार आहे: हात यंत्रवत चालला तर डोळे बघायचं सोडतात. पण या युक्तिवादात चालकाने सगळ्यांना पाहिलंय हे गृहीत धरलेलं असतं. आपल्या रस्त्यावर डाव्या कुशीत शिरलेली स्कूटर, दिव्याविना येणारा सायकलवाला, कडेने चालणारी शाळकरी मुलं यांतलं कोणी ना कोणी आरशातून निसटतंच. इशाऱ्याची खरी गरज त्यांनाच असते, म्हणून आपल्याकडे हा नियम बिनशर्त असणं मला योग्य वाटतं. त्याच्या जोडीला एकच अर्थ हवा: दिवा लागला म्हणजे ही गाडी त्या बाजूला जाणार, बाकी काही नाही.

अंमलबजावणी अजून दुबळी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने रस्त्यावरच्या वर्तनाचे नियम मोडल्यास किमान ५०० आणि कमाल १००० रुपये दंड ठेवला. महाराष्ट्राने वाढीव दंड डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. हेल्मेट, सिग्नल तोडणं, वेग हे कॅमेऱ्यात सहज पकडले जातात. इंडिकेटरचं तसं नाही. लुकलुकणारा दिवा मध्ये मध्ये विझलेला असतोच, त्यामुळे एका फोटोत तो बंद दिसला म्हणून इशारा दिलाच नव्हता असं म्हणता येत नाही. त्यासाठी वळण्याच्या काही सेकंद आधीपासूनचं चित्रण लागतं, नाहीतर चौकात उभा असलेला माणूस.