लघवीतला उजेड

लघवी पिवळी, सोनंही पिवळं; म्हणजे लघवीत सोनं असणारच! आज हसू येतं, पण सतराव्या शतकातल्या किमयागाराला हा तर्क चांगला दणकट वाटायचा. हॅम्बुर्गचा हेनिग ब्रांड त्यातलाच. परीस शोधण्याच्या नादात बायकोचा पैसासुद्धा त्याने भट्टीत घातला होता.

१६६९च्या सुमारास त्याने पिंपंच्या पिंपं लघवी जमवली. ती दिवसेंदिवस सडू दिली, मग उकळून उकळून काकवीसारखी दाट केली. (घरच्यांनी हा वास कसा सोसला असेल, देव जाणे.) आणखी ताव दिल्यावर लालसर तेल निघालं. मागे उरला वर काळा, भुसभुशीत थर आणि खाली मीठ. मीठ टाकून दिलं, तेल काळ्या थरात परत मुरवलं आणि भट्टी तासन् तास धगधगत ठेवली. शेवटी निघाला मेणासारखा एक पदार्थ. सोनं नव्हतंच ते, पण अंधारात स्वतःहून हिरवट चमकत होतं!

तो फॉस्फरस होता. आपल्या लघवीत तो फॉस्फेटच्या, म्हणजे ऑक्सिजनशी जोडलेल्या, रूपात असतो, रोज साधारण ग्रॅमभर. सडक्या मालातल्या सेंद्रिय पदार्थांचा कोळसा होतो, प्रचंड उष्णतेत हा कार्बन फॉस्फेटमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि फॉस्फरसची वाफ सुटते. ही वाफ पाण्याखाली थंड केली की पांढरा फॉस्फरस मिळतो. हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची हळूहळू अभिक्रिया होते, तोच तो उजेड. जरा ऊब मिळाली तर भडकाच, म्हणून त्याला पाण्यात बुडवून ठेवतात.

खरी गंमत पुढे आहे. ब्रांडने टाकून दिलेल्या मिठातच बहुतेक फॉस्फेट होतं! आणि लघवी सडवायची तर गरजच नव्हती, ताजीनेही तेवढंच काम झालं असतं. एवढा वास फुकट गेला म्हणायचा.

हे गुपित ब्रांडने पैसे घेऊन क्राफ्ट नावाच्या माणसाला दिलं. क्राफ्ट तो चमकता पदार्थ घेऊन राजदरबारांत खेळ करत फिरू लागला. १६७७ साली लंडनला रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाच्या घरी मेणबत्त्या विझवून त्याने बोटाने कागदावर अक्षरं काढली, ती अंधारात उजळली. कृती मात्र सांगेना. मूळ वस्तू माणसाच्या शरीरातलीच आहे, एवढंच काय ते त्याच्या तोंडून निघालं.

बॉइलला तेवढं पुरलं. त्यानेही लघवी जमवायला घेतली.