कर्ज फिटायच्या आत चिप दगावली तर

टेस्लाच्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स या गाड्यांच्या डॅशबोर्डमागे बोटाच्या नखाएवढी एक चिप असायची. ८ जीबीची, ईएमएमसी जातीची फ्लॅश मेमरी. स्वस्तातल्या फोनमध्ये बसवतात तीच. मधली मोठी स्क्रीन, मागचा कॅमेरा, काचेवरचं धुकं घालवायचे कंट्रोल, इंडिकेटरची टिकटिक, हे सगळं ज्या कॉम्प्युटरवर चालायचं त्याचं कोठार एवढंच. फेब्रुवारी २०२१ मध्ये या चिपपायी कंपनीला अमेरिकेतल्या १,३४,९५१ गाड्या परत बोलवाव्या लागल्या. सगळ्या मार्च २०१८ च्या आधी बनलेल्या. मोटर धड, मोठी बॅटरी धड. दगावत होती ती चिप.

फ्लॅश मेमरीत नवं लिहायचं तर आधी जुनं पुसावं लागतं, आणि पुसायचा तर अख्खा ब्लॉक. दर वेळी पुसताना इलेक्ट्रॉन एका अतिशय पातळ ऑक्साइडच्या थरातून ओढले जातात आणि तो थर झिजत जातो. या चिपचा एक ब्लॉक सुमारे ३,००० वेळा पुसून-लिहून झाला की त्याचा भरवसा संपतो. अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्यानं हिशेब मांडला तो असा: प्रत्येक ब्लॉकचे दिवसाला सरासरी १.४ फेरे धरले, तर ३,००० फेरे पाच-सहा वर्षांत संपतात.

८ जीबीला १.४ नं गुणलं की रोजचं लिखाण ११ जीबीच्या वर जातं. एखादी गाडी रोज एवढं काय लिहीत असेल? प्रत्यक्षात एवढं लिहायची गरजच नसते. समजा एखाद्या प्रोग्रॅमनं लॉगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या नोंदवहीत, १०० बाइटची एक ओळ टाकली आणि ती लगेच चिपवर उतरवली. चिपला १०० बाइट लिहिता येत नाहीत; तिचं सगळ्यात लहान पानच ४ केबी किंवा त्याहून मोठं. म्हणजे ओळ एक, झीज चाळीसपट. असे पावणेतीनशे एमबी लॉग चिपच्या लेखी ११ जीबी होतात. त्यात जागा मोकळी करायला चिप आतल्या आत ब्लॉक हलवते, त्याची झीज वेगळी. निम्म्याहून जास्त जागा नकाशे आणि मूळ प्रणालीनं अडवलेली असेल, तर उरलेल्या थोड्या ब्लॉकवरच सगळा मारा होण्याचा धोका असतो.

उपाय फार अवघड नाहीत. लॉग रॅममध्ये, म्हणजे न झिजणाऱ्या तात्पुरत्या मेमरीत ठेवायचा, बिघाड झाला तरच चिपवर उतरवायचा. किंवा ओळी साठवून पानभर झाल्या की एकदम लिहायच्या. नाहीतर सरळ मोठी चिप बसवायची. परत बोलावलेल्या गाड्यांना शेवटी ६४ जीबीची चिपच मिळाली. लिखाण तेवढंच, जागा आठपट, म्हणून आयुष्यही ढोबळमानानं आठपट. मग आधी का नाही सुचलं? मला यात सर्व्हरच्या खोलीतली सवय दिसते. तिथे डिस्क म्हणजे खडू. संपला, दुसरा घेतला. वर्गातला फळा पंधरा वर्षं टिकायचा असतो आणि खडू त्याच्या आत चिकटवून टाकलाय, ही कल्पना त्या खोलीतल्या माणसाला सहज येत नाही.

आता या पाच-सहा वर्षांना कमी उत्सर्जनाच्या गाडीत एवढं महत्त्व का? कारण अशी गाडी कारखान्यातून निघते तीच कर्ज घेऊन. एक किलोवॅट-तास क्षमतेची लिथियम बॅटरी बनवताना ढोबळमानानं ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मधला ७५ धरला तर ६० किलोवॅट-तासांच्या बॅटरीवर साडेचार टनांचं कर्ज. पेट्रोल गाडीला हे कर्ज नसतं, ती रोज धूर सोडते. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. १५ चं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला १५३ ग्रॅम, आणि तेल उपसून शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचा वाटा धरून सुमारे १८५. विजेची गाडी किलोमीटरला ०.१५ युनिट घेते. भारतातल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७२ किलो, म्हणजे १०८ ग्रॅम. तारांमधली गळती धरली की १२५ च्या आसपास. फरक ६० ग्रॅमचा. साडेचार टन भागिले ६० ग्रॅम, उत्तर ७५,००० किलोमीटर. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला हे कर्ज फेडायला सहा वर्षं लागतात. नफा सुरू होतो त्यानंतर. छतावरच्या सोलरवर चार्ज केली तर कर्ज खूपच लवकर फिटतं, ते वेगळं.

म्हणजे गाडी हवेला खरोखर फायद्यात आणते ती सातव्या वर्षापासून, आणि नेमकं तेव्हा डॅशबोर्डमागचं कोठार संपलेलं. एका चिपसाठी कोणी गाडी भंगारात घालत नाही हे खरं. पण वॉरंटी संपलेली, बोर्ड महाग, आणि स्क्रीन काळी पडलेली जुनी गाडी घ्यायला तिसरा माणूस कचरतो. तिथून पुढे तिचे किलोमीटर आटतात.

दुसरं दुखणं १२ व्होल्टचं. विजेच्या गाडीत ३५०-४०० व्होल्टची मोठी बॅटरी असते, तरी गाडीला जाग आणते ती पेट्रोल गाडीत असते तसलीच छोटी १२ व्होल्टची बॅटरी. बटण दाबल्यावर सीटखालून ‘टक’ असा आवाज येतो तो कॉन्टॅक्टरचा, म्हणजे मोठ्या रिलेचा. तो जोडला गेला की मोठी बॅटरी गाडीला मिळते आणि डीसी-डीसी कन्व्हर्टर छोट्या बॅटरीला चार्ज करू लागतो. अपडेटच्या वेळी मात्र बॅटरीवर देखरेख करणाऱ्या कॉम्प्युटरचंच सॉफ्टवेअर बदलायचं असेल, तर कॉन्टॅक्टर उघडा ठेवावा लागतो. सगळे कॉम्प्युटर जागे आणि चार्जिंग बंद, अशी ती स्थिती. जागे कॉम्प्युटर मिळून १५ अँपिअर घेतात असं धरा. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत तीन-चार वर्षांनी २५ उरले असतील, तर तास-दीड तासात व्होल्टेज कोसळतं, आणि एखादा कॉम्प्युटर अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत राहतो. अपडेटला ‘चाळीस मिनिटं लागतील’ असं गाडी का सांगते तेही इथेच कळतं. ब्रेक, मोटर, चार्जर यांचे छोटे कॉम्प्युटर बहुधा कॅन नावाच्या तारेवरून लिहिले जातात. सेकंदाला ५०० किलोबिटच्या तारेवर ४ एमबी जायला, प्रत्येक संदेशावरच्या पत्त्याचा आणि तपासणीचा बोजा धरून, दोन-अडीच मिनिटं, आधी पुसायचा आणि नंतर तपासायचा वेळ निराळा. एकामागून एक दहा-पंधरा कॉम्प्युटर असले की झाले चाळीस.

या १२ व्होल्टच्या बाजूला दुखणं आलं की काय होतं ते आपल्याकडेही दिसलं. ह्युंदाईनं जून २०२४ मध्ये भारतात १,७४४ आयोनिक ५ परत बोलावल्या. चार्जिंग सांभाळणारा आयसीसीयू हा भाग निकामी झाला की छोटी बॅटरी चार्ज होईनाशी होते. पाठोपाठ कियानं त्याच कारणासाठी १,१३८ ईव्ही६ बोलावल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा १,३८०.

नुसत्या सॉफ्टवेअरनं लोखंड दुरुस्त होत नाही, याचा सगळ्यात स्वच्छ दाखला फोर्डचा आहे. मस्टँग मॅक-ई गाड्यांत जोरात वेग घेताना आणि वारंवार फास्ट चार्जिंग करताना कॉन्टॅक्टर तापून त्याची टोकं विकृत व्हायची. २०२२ मध्ये सुमारे ४९,००० गाड्यांना हवेतून अपडेट पाठवला: तापमान बघा, वाढलं तर ताकद कमी करा. गॅरेजची पायरी न चढता काम झालं म्हणून कौतुकही झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ३४,७६२ गाड्या पुन्हा बोलवाव्या लागल्या, या वेळी जंक्शन बॉक्सच, म्हणजे कॉन्टॅक्टर ज्यात बसतो तो डबाच बदलायला.

चूक एका गाडीत होण्यापेक्षा एकाच क्षणी सगळ्यांत होणं जास्त वाईट. गाड्यांशी काडीचा संबंध नसलेली एक घटना म्हणूनच गाड्या बनवणाऱ्यांनी भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. १९ जुलै २०२४, भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं विंडोज कॉम्प्युटरांना एक छोटी फाइल पाठवली. फाइल वाचणाऱ्या साच्यात २१ रकाने होते, पण कॉम्प्युटरमध्ये आधीपासून बसलेला प्रोग्रॅम २० च रकाने भरून द्यायचा. महिनोन्‌महिने हे लपून राहिलं, कारण आधीच्या फाइलींत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशीच खूण असायची आणि तो कोणी उघडून पाहत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा तिथे खरी अट आली. प्रोग्रॅम नसलेला रकाना वाचायला गेला, आणि तो विंडोजच्या गाभ्यात बसलेला असल्यामुळे अख्खा कॉम्प्युटर कोसळला. पुन्हा सुरू केला की पुन्हा तीच फाइल, पुन्हा कोसळला. कंपनीनं फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख कॉम्प्युटर आडवे झाले होते, आणि जो आडवा झाला त्याला मागे घेतलेली फाइल पोचणार कशी? बहुतेकांजवळ माणूस गेला, सेफ मोडमध्ये सुरू केला, फाइल हातानं पुसली. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हातानं लिहून दिले जात होते.

रकान्याची चूक एका परीनं क्षम्य. अशा चुका होतातच. न पटणारी गोष्ट ती फाइल सगळ्यांना एकदम पाठवण्याची. आधी स्वतःच्या कार्यालयातल्या मशिनींवर, मग एक टक्क्यावर, तासभर थांबून मग दहा टक्क्यांवर, अशी उतरंड ठेवली असती तर ७८ मिनिटांत आडवे पडणारे हजारांत मोजता आले असते.

ही उतरंड कामाला येते याचा पुरावा रिव्हियन या विजेच्या गाड्या बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीनं दिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्या २०२३.४२ या अपडेटबरोबर चुकीची बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची भलतीच प्रत, आणि चुकीची सुरक्षा प्रमाणपत्रं गेली. बोट चुकलं, असं कंपनीनंच कबूल केलं. मधली स्क्रीन काळी पडली, गाडी मात्र चालत राहिली. टप्प्याटप्प्यानं पाठवत असल्यामुळे जवळपास तीन टक्के गाड्यांवरच निभावलं. प्रमाणपत्र म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीनं शिक्का: हे सॉफ्टवेअर खरोखर आपल्याच कारखान्याचं आहे ना? शिक्का जुळला नाही की चांगलं सॉफ्टवेअरही परकं ठरतं. शिक्क्यांवर तारीखही असते, आणि तारखांनी मोठमोठ्यांना दगा दिलाय. २९ फेब्रुवारी २०१२ ला मायक्रोसॉफ्टची अझ्यूर ही क्लाउड सेवा बंद पडली. तिथला प्रोग्रॅम आजच्या तारखेत नुसतं वर्ष एकनं वाढवून शिक्क्याची मुदत काढायचा, आणि २९ फेब्रुवारी २०१३ ही तारीखच नव्हती.

गाडीतल्या मोठ्या कॉम्प्युटरसाठी यावर जुना आणि चांगला उतारा आहे: दोन खोल्या. एका खोलीत चालू आवृत्ती, नवी दुसरीत लिहायची, शिक्का तपासायचा आणि मगच पुढच्या वेळी तिथून सुरू व्हायचं. दोन-तीन प्रयत्नांत नीट उठली नाही तर मुकाट जुन्या खोलीत परत. यासाठी दुप्पट जागा लागते, आणि चिप घेताना चार पैसे वाचवले की पहिली कात्री दुसऱ्या खोलीवर चालते. संयुक्त राष्ट्रांचा आर१५६ हा नियम हेच मागतो: अपडेट सुरू करण्याआधी पुरेशी वीज आहे याची खात्री, आणि फसला तर मागची आवृत्ती किंवा निदान सुरक्षित अवस्था. युरोपात जुलै २०२४ पासून सगळ्या नव्या गाड्यांना तो लागू आहे. आपल्याकडे त्याच धर्तीचं मानक एआयएस-१९०. या मानकांच्या समितीचं कामकाज पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेतून चालतं.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांच्यासाठी थोडं हातचं. अपडेट प्रवासाच्या आदल्या रात्री टाकू नका, आणि आला त्या दिवशीही टाकू नका. आठवडाभर थांबलं तर काही बिघडत नाही. अपवाद ब्रेक किंवा बॅटरीच्या सुरक्षेसाठी आलेल्या अपडेटचा. तळघरातल्या पार्किंगमध्ये नेटवर्क तुटतं, म्हणून गाडी वर आणा. स्क्रीन बराच वेळ काळी राहिली म्हणून घाईनं १२ व्होल्टची वायर काढू नका, या घाईनंही लिखाण अर्धवट राहू शकतं. पुढचं झाकण विजेच्या बटणानं उघडत असेल तर ते हातानं उघडायची दोरी कुठे आहे ते आजच मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. छोटी बॅटरी मेल्यावर बटण चालत नाही.

जुनी विजेची गाडी घ्यायला जाल तेव्हा मोठ्या बॅटरीची तब्येत सगळेच विचारतात. तुम्ही रिव्हर्स टाकून कॅमेऱ्याचं चित्र यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. नकाशा अडखळतो का, स्क्रीन आपोआप बंद होऊन सुरू होते का, मागचे अपडेट अर्ध्यावर फसले होते का, हे विचारा. मेमरी थकल्याच्या या खुणा असू शकतात. मग दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर काढा. गाडी चार-पाच तास बंद असावी. झाकण उघडल्यावर गाडी जागी होते, म्हणून ते उघडून, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा आणि मग छोट्या बॅटरीवर टोकं लावा. शिशाची असेल तर १२.६ व्होल्टच्या पुढे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या खाली रिकामी. आकडा १३.५ ते १४.५ दिसला तर खूश होऊ नका. गाडी जागीच आहे आणि तुम्ही मोजताय ते कन्व्हर्टरचं व्होल्टेज. काही गाड्यांत ही छोटी बॅटरीही लिथियमची असते, तिला हे आकडे लागू नाहीत, तेव्हा आधी तिच्यावरचं लेबल वाचा.