पाऊस गिनीत, पूर टिंबक्टूत

बेळगावात कॉलेजच्या काही पोरांनी एका खेळासाठी काल्पनिक मुलूख रचला आहे. चहूकडे वाळवंट, मधून नदी, काठाने बाजारपेठा, एका धक्क्यावर उंट आणि होड्या दोन्ही. नकाशा पाहून वडीलधाऱ्यांनी लगेच हरकत घेतली: जिथं पाऊसच पडत नाही तिथं एवढी मोठी नदी आणली कुठून? हा प्रश्न मी नेहमी ऐकतो, आणि दर वेळी तो नकाशा काढणाऱ्याच्या बाजूने भांडावंसं वाटतं. नदी काठावरच्या पावसावर जगते ही समजूतच मुळात चुकीची आहे.

आपली मलप्रभाच बघा. तिचा उगम खानापूर तालुक्यात कणकुंबीला. तिथं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. अरबी समुद्र सरळ रेषेत साधारण पन्नास किलोमीटरवर, तरी ही बाई त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला निघते. सौंदत्ती-रामदुर्गाकडे पोचेपर्यंत पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर आलेला असतो, कारण ढगांनी आपलं ओझं घाटावरच उतरवलेलं असतं. रामदुर्गातल्या पात्रातलं बरंचसं पाणी हे खानापूरच्या जंगलात पडलेलं पाणी आहे.

पश्चिम आफ्रिकेतली नायजर नदी हेच करते, पण फार मोठ्या मापात. गिनी देशाच्या डोंगरात, अटलांटिकपासून जेमतेम 240 किलोमीटरवर ती जन्मते, समुद्र सोडून थेट सहाराच्या दिशेने ईशान्येला जाते, माली देशातल्या टिंबक्टू शहराजवळ वाळवंटाच्या कडेला वळण घेते आणि सुमारे 4,180 किलोमीटरचा प्रवास करून नायजेरियात समुद्राला मिळते. पोरांचा नकाशा पृथ्वीवर आधीच आहे तो इथं.

मला वेड लावलं ते मात्र तिच्या पुराच्या वेळेने. गिनीत जोराचा पाऊस जुलै ते सप्टेंबर. टिंबक्टूला नदी सर्वांत भरलेली दिसते ती डिसेंबर-जानेवारीत, आकाशात ढग नसताना! एवढा उशीर नुसत्या अंतराने होत नाही. वाटेत मालीमध्ये सपाट मैदान लागतं, जिथं उतार किलोमीटरला काही सेंटिमीटरच. पाणी तिथं पात्र सोडून फांद्याफांद्यांनी पसरतं. चांगल्या पावसाच्या वर्षी वीस हजार चौरस किलोमीटरहून जास्त जमीन पाण्याखाली जाते. आपला अख्खा बेळगाव जिल्हा 13,415 चौरस किलोमीटरचा.

आता हे मैदान एक तलाव समजा. जोवर येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा जास्त, तोवर तलाव चढत राहतो. वरून येणारा पूर ओसरू लागला, तरी तो बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त आहे तोवर पातळी वाढतेच. दोन्ही प्रवाह समान होतात त्या क्षणी तलाव सर्वाधिक भरलेला असतो, आणि बाहेरचा प्रवाहही साठ्यावर अवलंबून असल्याने त्याच क्षणी सर्वाधिक असतो. म्हणजे बाहेर जाणाऱ्या पुराचं शिखर नेहमी आत येणाऱ्या पुराच्या उतरत्या बाजूवर पडतं. साठवण जितकी मोठी आणि निचरा जितका संथ, तितकं ते शिखर उशिरा येतं आणि तितकंच बुटकं होतं. त्यात उन्हाचा वाटाही मोठा: उघड्या पाण्यावरून वर्षाला दोन मीटरहून जास्त थर वाफ होऊन उडून जातो.

वाळवंटात पाणी दिसलं की 'खालून गुप्तगंगा वर आली' म्हणणारे भेटतात. आपल्याकडेही तळहातावर नारळ ठेवून बोअरची जागा दाखवणारे पाणाडे आहेत, आणि त्यांच्या शब्दावर लोक कर्ज काढून बोअर मारतात. नारळ उभा होतो तो हाताच्या नकळत होणाऱ्या हालचालीने. त्याला जमिनीखालचं काही कळत नाही.

या उशिराच्या पुरावर टिंबक्टूची बाजारपेठ उभी राहिली. उंटांचे तांडे वाळवंट ओलांडायचे ते थंडीच्या महिन्यांत, आणि नेमकं तेव्हाच नदीला भरपूर पाणी. सहारातल्या तौदेन्नीच्या खाणीतून मिठाच्या लाद्या उंटांच्या दोन्ही अंगांना बांधून यायच्या, टिंबक्टूच्या काबारा बंदरात होडीत चढायच्या आणि मोप्ती-जेन्ने या शहरांकडे जायच्या. उलट दिशेने धान्य आणि सोनं यायचं. तौदेन्नीआधी ताघाझाची खाण चालायची. 1352 साली तिथं गेलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने मिठाच्या लाद्यांच्या भिंती आणि उंटाच्या कातड्याची छपरं असलेली घरं पाहिली होती. त्याच पुराच्या मैदानात आफ्रिकेचा स्वतःचा भात पिकतो. त्याच्या काही जाती पाणी चढेल तसा देठ लांबवून लोंबी पाण्यावर ठेवतात.

पावसासारखाच दुष्काळही इथं उशिराने खाली पोचतो. 1984 साली पावसाने दगा दिला. मैदानात पाणी नीट पसरलंच नाही, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात हळूहळू सोडायला साठाही उरला नाही. टिंबक्टूच्या बऱ्याच खाली, नायजर देशाची राजधानी नियामे इथं जून 1985 मध्ये नदी वाहायचीच थांबली.