टी-पेशी ग्राही

टी-पेशी ग्राही : रोगप्रतिकार यंत्रणेतील टी-पेशींच्या पृष्ठभागावर बसलेला आठ प्रथिन-साखळ्यांचा संच. प्रयोगशाळांत त्याला सर्रास ‘टीसीआर’ म्हणतात. शरीरातील इतर पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे, म्हणजे पेप्टाइडे, आपल्या पटलावर मांडून ठेवतात. त्यांतले घरचे कोणते आणि विषाणूचे कोणते, हे टी-पेशी या ग्राहीच्या जोरावर ठरवते. एका पेशीवर असे सुमारे ३०,००० ग्राही असतात आणि सहसा ते सगळे एकाच साच्याचे असतात. शेजारच्या पेशीचा साचा मात्र निराळा.

या संचाची खुबी अशी, की ओळखणारा वेगळा आणि बोलणारा वेगळा. आल्फा आणि बीटा या दोन साखळ्या पेशीबाहेर पेप्टाइड चाचपतात; पण त्यांचे पेशीच्या आतले शेपूट जेमतेम काही अमिनो आम्लांचे असते आणि निरोप पोचवण्याच्या दृष्टीने ते कुचकामी ठरते. निरोप नेतात त्या उरलेल्या सहा साखळ्या : सीडी३ गटातली एक गॅमा, एक डेल्टा, दोन एप्सिलॉन आणि त्यांच्या जोडीला दोन झीटा. या सहांना बाहेरचे काहीच ओळखता येत नाही. थोड्या टी-पेशींत आल्फा-बीटाच्या जागी गॅमा-डेल्टा अशी ओळखणारी जोडी असते. ही गॅमा आणि डेल्टा सीडी३मधल्यांहून वेगळी. नावांचा हा घोळ विद्यार्थ्यांना दरवर्षी छळतो.

शोध : बी-पेशींनी बनवलेली प्रतिपिंडे (जंतूंना चिकटणारी प्रथिने) रक्तात तरंगतात, म्हणून ती रक्तातून वेगळी काढून अभ्यासता आली. टी-पेशी आपला ग्राही रक्तात सोडत नाही. तो पटलात रुतलेला असतो. त्यामुळे प्रतिपिंडांची रचना माहीत होऊनही हा ग्राही बरीच वर्षे हाती लागला नाही. १९७४ मध्ये कॅनबेरात रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी दाखवले, की टी-पेशी नुसता विषाणू ओळखत नाही, तर ‘आपल्या’ एमएचसी रेणूवर (पेशी ज्यावर पेप्टाइड मांडते तो पटलावरचा रेणू) मांडलेला विषाणू ओळखते (नोबेल, १९९६). १९८२-८३ मध्ये तीन प्रयोगशाळांनी ग्राहीचे प्रथिन पकडले आणि १९८४ मध्ये त्याची जनुके सापडली : अमेरिकेत मार्क डेव्हिस आणि स्टीफन हेड्रिक यांना उंदरात, टोरांटोत टाक माक यांना माणसात.

डेव्हिस-हेड्रिक यांची युक्ती सरळ वजाबाकीची होती. टी आणि बी या पेशी इतक्या सारख्या, की त्यांच्यात चालू असलेली जनुकेही बहुतांश सारखीच. मग टी-पेशीच्या आरएनएवरून बनवलेल्या डीएनए-प्रतींमधून बी-पेशीशी जुळणाऱ्या सगळ्या प्रती काढून टाकायच्या आणि तळाशी जे थोडे उरेल त्यात शोधायचे. उरलेल्यांपैकी कोणते जनुक टी-पेशीत आपली जागा बदलते, एवढाच प्रश्न राहिला. कारण प्रतिपिंडांची जनुके तुकड्यातुकड्यांनी असतात आणि पेशी घडताना जोडली जातात, हे सुसुमु टोनेगावा यांनी १९७६ मध्येच दाखवून दिले होते.

साखळ्यांची घडण : माणसात बीटाचे जनुक ७व्या गुणसूत्रावर आणि आल्फाचे १४व्या गुणसूत्रावर असते. बीटासाठी व्ही प्रकारचे ४० हून अधिक, डी प्रकारचे २ आणि जे प्रकारचे १३ तुकडे उपलब्ध असतात. प्रत्येक पेशी त्यांतला एकेक उचलते. रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिने डीएनए कापतात, मधला भाग गळतो आणि टोके सांधली जातात. सांधताना टीडीटी नावाचे विकर मध्येच कुठूनही न आलेली अक्षरे घुसडते. ग्राहीचे खरे वैविध्य तुकड्यांच्या निवडीपेक्षा या सांध्यांतच जास्त असते, आणि पेप्टाइडाला थेट भिडणारा भागही नेमका तोच. हिशेबात मात्र हा जुगारच : तीन-तीन अक्षरांची वाचनचौकट जुळण्याची शक्यता तीनात एक, म्हणजे बहुतेक सांधे वाया जाणारे.

ही घडण यौवनलोपी ग्रंथीत (थायमस) होते. आधी बीटा तयार होते आणि आल्फाऐवजी एका तात्पुरत्या, सर्व पेशींत सारख्याच असलेल्या साखळीशी जोडून तिची चाचणी घेतली जाते. ती उतरली तरच आल्फाच्या जनुकाला हात लागतो. पुढे ज्या ग्राहीला घरच्या एमएचसीशी अजिबात जुळवून घेता येत नाही, तो बाद. जो घरच्याच पेप्टाइडाला घट्ट चिकटतो, तोही बाद. या ग्रंथीत शिरलेल्या पेशींपैकी ९५ टक्क्यांहून अधिक तिथेच मरतात. तारुण्यानंतर ही ग्रंथी आक्रसत जाते, म्हणून तिला मराठीत हे नाव पडले, आणि ते चपखल आहे.

आठ साखळ्यांची जुळणी : पेशीचे पटल स्निग्ध असते आणि स्निग्धात विद्युतभार असलेले अमिनो आम्ल सहसा थारा धरत नाही. तरी आल्फाच्या पटलात रुतलेल्या भागात दोन धनभारित अमिनो आम्ले (आर्जिनिन आणि लायसिन) असतात आणि बीटाच्या भागात एक (लायसिन). ही निसर्गाची चूक वाटावी अशीच गोष्ट. पण सीडी३ आणि झीटा यांच्या त्याच भागांत ऋणभार असतो. २००२ मध्ये बॉस्टनमधल्या प्रयोगांतून दिसले, की प्रत्येक पायरीला एक धनभार दोन ऋणभारांमध्ये जाऊन बसतो : आधी डेल्टा-एप्सिलॉनची जोडी जुळते, मग गॅमा-एप्सिलॉनची, शेवटी झीटाची. तीन धन, सहा ऋण, संच पुरा.

हे सगळे आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीच्या प्रथिने घडवणाऱ्या जाळ्यात, घडते आणि तिथली छाननी कडक असते. एकटी पडलेली आल्फा पटलात टिकतच नाही, तिला मोडीत काढले जाते. मोडीत काढण्याची खूण असते तीही तोच धनभार. जोडीदार मिळाला की जो भार बांधून ठेवतो, तोच जोडीदाराविना मरण ओढवतो. झीटा न जुळलेला संच गॉल्जी पिंडापर्यंत जातो, पण तिथून तो पृष्ठभागाऐवजी लयकारिकेत, म्हणजे मोडतोड करणाऱ्या पिशवीत, धाडला जातो. अर्धवट ग्राही पेशीच्या दारात उभा राहू नये, याचीच ही तजवीज. ओळखता येते पण बोलता येत नाही असा ग्राही पृष्ठभागावर जागा अडवण्यापलीकडे काही करत नाही.

संदेश : सीडी३ आणि झीटा यांच्या शेपटांवर ‘आयटॅम’ नावाच्या जागा असतात, चार सीडी३ साखळ्यांवर एकेक आणि प्रत्येक झीटावर तीन, अशा एकूण दहा. प्रत्येक जागी टायरोसीन हे अमिनो आम्ल दोनदा येते. ग्राहीने पेप्टाइड पकडले की एलसीके हे विकर या टायरोसीनांना फॉस्फेट लावते. दोन्ही टायरोसीनांवर फॉस्फेट लागले की झॅप-७० हे दुसरे विकर तिथे आपल्या दोन्ही पकडींनी बसते; एकावरच लागले तर ते नीट धरत नाही. पुढे लॅट नावाच्या प्रथिनावर सगळी मंडळी गोळा होतात, पेशीतले कॅल्शियम मिनिटाच्या आत चढते, कॅल्सिन्यूरिन हे विकर जागे होते आणि एनफॅट नावाच्या प्रथिनाचे फॉस्फेट उतरवते. एनफॅट केंद्रकात शिरते आणि टी-पेशींची वाढ घडवणाऱ्या इंटरल्यूकिन-२ चे जनुक सुरू होते. रास आणि एनएफ-कप्पा-बी या आणखी दोन निरोप्या प्रथिनांच्या वाटाही याच लॅटपासून फुटतात. टी-पेशीवरच्याच सीडी२८ या वेगळ्या ग्राहीमार्फत दुसरा होकार मिळाला नाही, तर पहिल्यांदाच जागी होणारी पेशी बहुधा लढायला उठत नाही, उलट सुस्तावते.

मुळात पेप्टाइड बाहेर पकडले गेल्याची खबर आतल्या शेपटाला लागते कशी, यावर अजून वाद आहे. एक मत असे : ग्राही आणि एमएचसी भिडले की दोन पेशींत सुमारे १५ नॅनोमीटरची फट उरते, फॉस्फेट पुसून टाकणारे सीडी४५ त्याहून उंच असल्याने त्या जागेतून बाहेर ढकलले जाते आणि एलसीकेला मोकळे रान मिळते. ग्राही ओढला गेल्याने आकार बदलतो, असे दुसरे मत. २०१९ मध्ये हार्बिनच्या गटाने अख्ख्या संचाची रचना अतिशीत इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकातून टिपली. २०२२ मध्ये पेप्टाइडासह टिपलेल्या रचनेत ठळक बदल दिसला नाही. पण ती टिपताना ग्राही पेशीतून बाहेर काढलेला होता, त्याला ओढणारे कोणी नव्हते. त्यामुळे दुसरे मत अजून निकालात निघालेले नाही.

औषधांत : मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेला रुग्ण सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून टॅक्रोलिमस घेतो आणि तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच खातो, कारण मोजायची असते ती औषधाची खालची पातळी. हे औषध अडवते कॅल्सिन्यूरिनला. ग्राही परके मूत्रपिंड ओळखतो, कॅल्शियमही चढते, पण निरोप केंद्रकापर्यंत पोचत नाही. ओकेटी३ हे प्रतिपिंड १९८६ मध्ये अमेरिकेत प्रत्यारोपणासाठीच मंजूर झाले. माणसांसाठी मंजुरी मिळालेले ते पहिले एकजिनसी प्रतिपिंड. ते थेट सीडी३ एप्सिलॉनला धरत असे. त्यामुळे पेशी शांत होण्याआधी एकदम खवळत आणि पहिल्या मात्रेला रुग्णाला थंडी-ताप भरे.

ओळखणारा आणि बोलणारा वेगळे असतील, तर ओळखणारा बदलता यायला हवा. इस्रायलमध्ये झेलिग एशहार यांनी १९८९ मध्ये प्रतिपिंडाचे डोके टी-पेशीच्या ग्राहीला बसवून हे सिद्ध केले. आजच्या कार-टी उपचारांत, म्हणजे असा कृत्रिम ग्राही (‘कार’) बसवलेल्या टी-पेशी रुग्णाला देण्याच्या उपचारांत, असे डोके थेट झीटाच्या शेपटाला जोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी घडवलेली नेक्सकार१९ ही भारतातली पहिली कार-टी. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. तिचे डोके बी-पेशींवरचे सीडी१९ हे प्रथिन ओळखते. बी-पेशींच्या काही कर्करोगांत ती वापरतात.

कृत्रिम ग्राही मूळ ग्राहीपेक्षा बहिरा असतो. आठ साखळ्यांच्या संचाला बोटांवर मोजण्याइतकी पेप्टाइडे पुरतात. कार-टीला समोरच्या पेशीवर शेकड्यांनी लक्ष्ये लागतात. कर्करोगाच्या पेशीने सीडी१९ कमी केले की ती निसटते, त्याचे एक कारण हेच. म्हणून आता काही प्रयोगशाळा उलट्या वाटेने निघाल्या आहेत : डोके प्रतिपिंडाचेच, पण ते नुसत्या झीटाला न जोडता अख्ख्या संचावर बसवायचे.