सर्वसाधारण सभा (महानगरपालिका)

महानगरपालिकेचे सर्व नगरसेवक एकत्र बसून शहराचे निर्णय घेतात त्या सभेला सर्वसाधारण सभा म्हणतात. पुण्यात तिला मुख्य सभा म्हणतात, ठाणे-नाशिककडे महासभा, तर मुंबईत नुसते ‘सभागृह’ म्हटले तरी भागते. महापौर अध्यक्षस्थानी असतात. त्यांच्या एका बाजूला आयुक्त आणि अधिकारी बसतात, नगरसचिव कामकाजाची नोंद ठेवतात आणि समोर पक्षवार रांगांत सदस्य असतात. वर्तमानपत्रांत या सभेची बातमी येते ती बहुधा गोंधळाची. तिचे खरे काम मात्र नोटीस, विषयपत्रिका, गणपूर्ती (किमान हजेरी), प्रश्न, ठराव आणि इतिवृत्त (कामकाजाची अधिकृत नोंद) अशा रूक्ष वाटणाऱ्या पायऱ्यांनी पुढे सरकते. महापालिकेने अमुक भूखंड कोणाला, किती वर्षांसाठी आणि कोणत्या दराने दिला हे पुष्कळ वर्षांनीही विचारता येते, ते या पायऱ्या पाळल्या गेल्या असतील तरच.

कायद्याची चौकट

मुंबई महापालिका १८८८ च्या स्वतंत्र अधिनियमाने चालते. राज्यातील इतर महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याचे आधीचे नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम. मुंबईच्या कायद्याला आकार देण्यात फिरोजशहा मेहता यांचा मोठा वाटा होता. मात्र त्या काळी मताचा हक्क करदात्यांपुरताच होता. मुंबईत प्रौढ मताधिकाराने पालिकेची निवडणूक झाली ती १९४८ मध्ये. अध्यक्षाला महापौर म्हणण्याची पद्धत तिथे १९३१ पासूनची आहे. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना घटनेत स्थान मिळाले आणि त्यांची मुदत ५ वर्षांची ठरली.

अधिकारांची विभागणी समजली नाही तर सभेत काय चालले आहे ते कळत नाही. सभा निर्णय घेते. पण अंमलबजावणीचे अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. निविदा आणि खर्चाचे बहुतेक विषय १६ सदस्यांच्या स्थायी समितीत निकालात निघतात (मुंबईत ही समिती मोठी आहे). सर्वसाधारण सभेपुढे येतात ते कराचे दर, अंदाजपत्रक, मिळकती भाड्याने देणे किंवा विकणे, विकास आराखड्यातील फेरबदल, रस्त्यांची आणि चौकांची नावे, समित्यांवरील नेमणुका. आयुक्तांना सभेत बसता येते, अध्यक्षांच्या संमतीने बोलताही येते. मत देता येत नाही आणि सूचना मांडता येत नाही. उलट, एकूण नगरसेवकांपैकी किमान पाच-अष्टमांश जणांनी आयुक्तांविरुद्ध मत दिले तर सरकारला त्यांना परत बोलवावे लागते. हे शस्त्र क्वचितच बाहेर निघते.

नोटीस आणि विषयपत्रिका

१९४९ च्या अधिनियमाप्रमाणे दर महिन्याला किमान एक सर्वसाधारण सभा झाली पाहिजे आणि ती २० तारखेच्या आत. सभेची नोटीस पूर्ण ७ दिवस आधी निघावी लागते. नोटिशीसोबत विषयपत्रिका जाते. नगरसेवकाच्या घरी पोचणारे हे बाड बरेच जाड असते, कारण प्रत्येक विषयामागे आयुक्तांचे पत्र, खात्याचा अभिप्राय, नकाशा, समितीची शिफारस अशी जोडपत्रे असतात. विषयाची भाषा ठरून गेलेली आहे : ‘मा. महापालिका आयुक्त यांचे पत्र विचारात घेणे.’ या एका ओळीखाली शाळेच्या मैदानाची जागा जाऊ शकते किंवा एखाद्या वस्तीला पाण्याची टाकी मिळू शकते. म्हणून जोडपत्रे वाचणारा नगरसेवक सभेत वेगळा ओळखू येतो. तो भाषण कमी करतो आणि ‘पान अमुकवरचा तक्ता आणि पत्रातला आकडा जुळत नाही’ असे सांगतो. सभागृहात याहून उपयोगी वाक्य क्वचितच बोलले जाते.

नोटीस आधी देण्याचा हेतू सदस्यांची सोय एवढाच नसतो. विषय आधी कळला तर त्या भागातले रहिवासी नगरसेवकाला गाठू शकतात, हरकत लिहून देऊ शकतात, प्रेक्षक गॅलरीत येऊन बसू शकतात. सभा लोकांना खुली असते. उपस्थित बहुमताने तसे ठरवले तरच ती बंद दाराआड घेता येते. आयत्या वेळचे विषय ही मोठी दुखरी जागा आहे ती याचमुळे. तातडीच्या कामाला कायद्यात वाट ठेवलेली आहे, पण ती अटींनी बांधलेली आहे. जे काम दोन महिने खात्यात पडून होते ते सभेच्या दिवशी अचानक तातडीचे होऊन येते, तेव्हा कागद कोणी वाचलेला नसतो आणि बाहेर कोणाला पत्ताही नसतो.

सभेची सुरुवात

अनेक महापालिकांत सभा ‘वंदे मातरम्’ने सुरू होते. त्यानंतर दुखवट्याचे ठराव येतात. विद्यमान सदस्य किंवा मोठी सार्वजनिक व्यक्ती निवर्तली असेल तर श्रद्धांजली वाहून त्या दिवसाचे काम तहकूब करण्याची प्रथा आहे. तहकूब म्हणजे पुढे ढकललेली. तीच सभा तीच विषयपत्रिका घेऊन पुन्हा भरते. यामुळे एका महिन्याची सभा दुसऱ्या महिन्यात, कधी तिसऱ्यात रेंगाळते आणि तहकूब सभांच्या विषयपत्रिका साचत जातात. मृताचा मान राखलाच पाहिजे; पण तो मान ठेवून उरलेला दिवस कामाला देता येतो, आणि काही सभागृहांनी तसे केलेही आहे.

पुढची पायरी मागील सभेचे इतिवृत्त कायम करण्याची. हे बहुधा एका मिनिटात उरकते. इतिवृत्तात काही चुकीचे नोंदले गेले असेल, तर ते सांगायची हीच वेळ. एकदा अध्यक्षांची सही झाली की सभेत काय ठरले याचा पुरावा तो कागद. रजेचे अर्जही मंजुरीला येतात. सभेच्या परवानगीवाचून सलग ३ महिने सभांना गैरहजर राहणाऱ्या सदस्याचे पद धोक्यात येते, म्हणून ही बाब वरवर दिसते तेवढी किरकोळ नाही.

गणपूर्तीसाठी एकूण नगरसेवकांच्या एक-तृतीयांश हजेरी लागते. मात्र संख्या कमी असल्याचे कोणी अध्यक्षांच्या लक्षात आणून दिले तरच प्रश्न उभा राहतो. कोणी बोट दाखवले नाही तर रिकाम्या बाकांसमोरही काम चालू राहते. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला उरलेल्या विषयांपुरती गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे गणपूर्तीचा मुद्दा विरोधकांनी काढला तरी त्याचा फायदा पुढच्या वेळी सत्ताधाऱ्यांनाच होण्याची शक्यता असते.

प्रश्नोत्तरे

नगरसेवकाला शहराच्या कारभाराबद्दल लेखी प्रश्न विचारता येतात. त्यासाठी नगरसचिवांकडे ७ दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि खात्याने उत्तर द्यावे लागते. सर्वसाधारण सभेतला सर्वांत मोलाचा भाग हाच. ‘गेल्या वर्षी या प्रभागात किती वेळा रस्ता खोदला, खोदाईशुल्क किती जमा झाले, पूर्ववत करण्यावर किती खर्च झाला’ अशा तीन ओळींच्या प्रश्नाला खात्याला आकडे लिहून द्यावे लागतात आणि ते आकडे महापालिकेच्याच दप्तरात राहतात. पुढे कोणी न्यायालयात गेले किंवा माहिती अधिकारात अर्ज केला, तर सुरुवात बहुतेकदा अशा उत्तरापासून होते. उत्तर गोलमाल असेल तर उपप्रश्न विचारता येतो. चांगला उपप्रश्न विचारायला पहिल्या उत्तराची फाईल हाताशी लागते. निव्वळ आवाजावर ते जमत नाही.

याच वेळी पाणी, कचरा, खड्डे यांवर न ठरलेली चर्चा पेटते. सदस्य अध्यक्षांपुढच्या मोकळ्या जागेत उतरतात, फलक झळकतात, रिकामे हंडे येतात, महापौरांपुढचा मानदंड (पदाची खूण म्हणून ठेवलेला दंड) उचलून नेण्याचे प्रकार अनेक शहरांत घडलेले आहेत. यातले सगळेच नाटक म्हणून बाजूला सारू नये. ज्या भागात आठवडाभर पाणी नाही तिथल्या सदस्याला लेखी प्रश्नाचे उत्तर महिन्याने मिळून काय उपयोग? पण गोंधळाचा लाभ बहुतेक वेळा ज्यांना चर्चा नको असते त्यांना होतो, कारण गोंधळातच विषय झपाट्याने उरकले जातात.

विषय, उपसूचना, ठराव

नगरसचिव विषयाचा क्रमांक पुकारतात. एक सदस्य सूचना मांडतो, दुसरा अनुमोदन देतो आणि दोघांची नावे सूचक-अनुमोदक म्हणून नोंदली जातात. मग विषयाचे चार-पाच प्रकारे काही ना काही होते. तो मंजूर होतो, उपसूचनेसह मंजूर होतो, फेरअभिप्रायासाठी आयुक्तांकडे परत जातो, ‘एक महिना पुढे’ जातो किंवा दप्तरी दाखल होतो. दप्तरी दाखल म्हणजे नामंजुरीच, फक्त त्यावर कोणाला विरोधात मत नोंदवावे लागत नाही. कोणत्या विषयाचे काय करायचे हे बहुतेकदा सभेआधी पक्षनेत्यांच्या बैठकीत ठरलेले असते. त्यामुळे महत्त्वाच्या वाटणाऱ्या विषयावर सभागृहात दोन वाक्येही न बोलली जाण्याचे प्रकार घडतात.

उपसूचनेकडे जरा थांबून पाहायला हवे. मूळ प्रस्तावात दुरुस्ती सुचवणे हा सदस्याचा हक्क आहे आणि शहाणपणाची दुरुस्ती बहुतेक अशीच होते : भाडेपट्टा ३० वर्षांऐवजी १० वर्षांचा करा, संस्थेला जागा द्या पण मैदान संध्याकाळी मुलांना खुले ठेवा. उपसूचना मूळ विषयाशी सुसंगत असली पाहिजे. गैरवापर होतो तो इथेच. पदपथ दुरुस्तीच्या विषयाला एखाद्या भूखंडाचे आरक्षण (तो ज्या सार्वजनिक कामासाठी राखला आहे ते) बदलण्याची उपसूचना जोडली जाते, ती पूर्ण वाचली जात नाही, ‘उपसूचनेसह मंजूर’ एवढेच ऐकू येते आणि नेमके काय मंजूर झाले ते इतिवृत्त हाती आल्यावर कळते. आरक्षण बदलण्याला खरे तर लांबचा रस्ता आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सभेचा ठराव, मग जाहीर नोटीस, नागरिकांच्या हरकती-सूचना, सुनावणी आणि शेवटी राज्य सरकारची मंजुरी. विसंगत उपसूचनेने त्या रस्त्याचे पहिले पाऊल लोकांच्या नकळत टाकले जाते. प्रत्येक उपसूचना मोठ्याने, पूर्ण वाचल्याखेरीज मताला टाकू नये एवढा साधा नियम काटेकोर पाळला तरी निम्मे नुकसान टळेल.

मतदान बहुधा हात वर करून किंवा आवाजी होते. मतमोजणीची मागणी झाली तर बाजूने आणि विरोधात कोण, याची नावे नोंदली जातात. समसमान मते पडली तर अध्यक्षांचे निर्णायक मत असते. स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या, नगरसेवकांना चर्चेत भाग घेता येतो, मत देता येत नाही. स्वतःचा आर्थिक हितसंबंध असलेल्या विषयावर सदस्याने बोलू नये आणि मतही देऊ नये असा कायदा आहे. पक्षादेश मोडणाऱ्याला १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियमाचा धाक असतो. मंजूर ठराव ३ महिन्यांच्या आत बदलायचा किंवा रद्द करायचा तर एकूण नगरसेवकांच्या निम्म्यांचा पाठिंबा लागतो. हाताशी असलेल्या तात्पुरत्या बहुमताने काल ठरलेले आज उलटवू नये, हा त्यामागचा विचार.

कर आणि अंदाजपत्रक

कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. त्याआधी आयुक्त आपले अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात भर घालून ते सभेपुढे आणते आणि ३१ मार्चच्या आत मंजुरी अपेक्षित असते. चर्चा अनेक दिवस चालते आणि बहुतेक भाषणे स्वतःच्या प्रभागाची असतात.

ठरावानंतर

मंजूर ठराव अंमलासाठी आयुक्तांकडे जातो. ठराव बेकायदा आहे किंवा महापालिकेच्या आर्थिक हिताविरुद्ध आहे असे आयुक्तांना वाटले, तर ते तो सरकारकडे पाठवतात. १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ४५१ खाली सरकार ठराव निलंबित करू शकते आणि पुढे विखंडित, म्हणजे रद्दही करू शकते. भूखंडांच्या काही वादग्रस्त ठरावांना या कलमाने लगाम घातला आहे. तसाच निवडून आलेल्या सभेवर मंत्रालयाचा हात कायम राहिला, हीही त्याचीच दुसरी बाजू.

इतिवृत्ताचे पुस्तक नगरसचिवांच्या ताब्यात असते. नगरसेवकाला ते विनामूल्य पाहता येते, इतर कोणालाही शुल्क भरून. त्यात हजर सदस्यांची नावे असतात, सूचक-अनुमोदक असतात, उपसूचनेचा पूर्ण मजकूर असतो. जागेच्या किंवा आरक्षणाच्या वादात नागरिकाने पहिल्यांदा मागावा असा कागद हाच.

प्रशासकांचा काळ

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे सभा दूरदृश्य प्रणालीने घ्याव्या लागल्या. ‘माइक बंद ठेवला’ ही त्या काळातली नेहमीची तक्रार. त्याच वर्षी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि नवी मुंबईची, तर मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकल्याने निवडणुका झाल्या नाहीत. आयुक्तच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडणारा, मंजूर करणारा आणि अमलात आणणारा एकच अधिकारी. कामे थांबली नाहीत, काही तर लवकर झाली. पण लेखी प्रश्न विचारणारे कोणी उरले नाही, विषयपत्रिका आधी हाती येणे बंद झाले आणि अंदाजपत्रक चर्चेवाचून मंजूर होऊ लागले. राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या वर्षांतले निर्णय ‘प्रशासकीय ठराव’ म्हणून दप्तरात आहेत. त्यांना सर्वसाधारण सभेच्या ठरावाचेच बळ आहे. सूचक, अनुमोदक आणि विरोधात मत देणाऱ्यांची नावे मात्र त्यांत नाहीत.