‘केनेन’ फक्त माणसांसाठी? एक खुलासा

जर्मन शिकणाऱ्यांमध्ये एक नियम वर्षानुवर्षे फिरतो: ‘माणसांसाठी केनेन, बाकी सगळ्यासाठी विसेन.’ मराठीत या दोन्ही जर्मन क्रियापदांसाठी ‘माहीत असणे’ चालते, त्यामुळे असा सोपा नियम पटणे अगदी स्वाभाविक आहे. पण तो अर्धाच खरा आहे.

‘इश केने बर्लिन’, म्हणजे मला बर्लिन माहीत आहे, हे वाक्य बिनचूक आहे, आणि बर्लिन तर शहर आहे. पुस्तक, गाणे, खेळाचे नियम, ज्या ज्या गोष्टीशी आपला परिचय आहे तिला केनेन लागते. खरी खूण वाक्यरचनेत आहे. केनेनला नाम किंवा सर्वनाम हे कर्म हवे. ‘कुठे, का, कधी’ने सुरू होणारे पोटवाक्य आले की विसेनच. म्हणून ‘इश वाइस, वो बर्लिन लीक्ट’, म्हणजे बर्लिन कुठे आहे ते मला माहीत आहे (‘वाइस’ हे विसेनचेच रूप). इथे ‘केने’ चुकीचेच.

मात्र वाट, उत्तर, पत्ता अशी काही नामे विसेनबरोबरही येतात. माझ्या मते खरा गोंधळ इथे होतो, आणि ही नामे वापरातूनच अंगवळणी पडतात.

पडताळायचे असेल तर जर्मन-जर्मन शब्दकोशात दोन्ही क्रियापदांची उदाहरणे काढा आणि प्रत्येक वाक्यातले कर्म अधोरेखित करा. केनेनखाली माणसांखेरीज कितीतरी गोष्टी सापडतील.